वीतभर लांब राहिलेला हात

जयराम परब हा कुवेतमधल्या अम्गऱ्यात एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका वर्कशॉपचा फोरमन. माणसांवर ओरडला की त्याचा आवाज पार गेटापर्यंत जातो. पण कुणी कबड्डीचं नाव काढलं की हाच वाघ पत्रा मोजायला खाली वाकतो. लोक म्हणतात, किती विनयी माणूस! डोंबलाचा विनय. लाज होती ती.

कॉलेजात असताना एका मोसमात चढाईच्या सर्वाधिक गुणांचा विद्यापीठाचा विक्रम त्याने केला होता. पेपरात फोटो आला, त्या जोरावर व्यावसायिक लीगच्या चाचणीचं बोलावणं आलं, एका संघाने त्याला घेतलंही. गावात ढोल वाजले. मग अख्खा मोसम तो बाकावर बसला. शेवटच्या सामन्यात दोन चढाया मिळाल्या, दोन्ही वेळा पकड झाली. पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही आणि तो कुवेतला आला. याची त्याला लाज नव्हती. बाकावर बसणारे पुष्कळ असतात.

लाज होती ती त्या विक्रमाची. अंतिम सामना, शेवटची चढाई, विक्रमाला एकच गुण कमी. जयरामने डाव्या कोपऱ्यातल्या गड्याच्या गुडघ्याकडे हात टाकला आणि तो चांगला वीतभर लांब राहिला. पंचाने काहीच दिलं नाही. तेवढ्यात तो गडी आपणहून हात वर करून मैदानाबाहेर गेला. त्याच्याच साथीदाराचा पाय त्याला लागला असावा आणि तो जयरामचा हात वाटला असावा. जयरामने नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरे होतं. तो गप्प राहिला, आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

तो गडी म्हणजे बाळा मेस्त्री. अकरा वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, नशिबाने त्याला नेमकं याच वर्कशॉपात आणि महबूल्यातल्या जयरामच्याच खोलीत आणून टाकलं. बाळाला कोण आनंद झाला! दर शुक्रवारी माशाचं कालवण उकळत असताना तो कुणाला ना कुणाला ती गोष्ट ऐकवायचाच.

"पंचाक दिसूक नाय, कोणाकच दिसूक नाय. पण जयल्याचा बोट माझ्या ढोपराक लागला. मीच हात वर केलंय नि भायर गेलंय. कप गेलो, माझा सिलेक्शन गेला. पण आमचो जयल्या लीगमदी गेलो!"

एवढं बोलून तो जयरामच्या पाठीवर थाप मारायचा. जयराम खाली वाकून कांदा चिरायला घ्यायचा.

मार्चमध्ये कोकणातल्या मंडळींनी कबड्डीचे सामने ठरवले. जयरामचा सत्कार होणार होता, आणि माइकवर ती गोष्ट सांगायला बाळा! खोलीतल्या पाच जणांपुढे एक वेळ चालतं, पण चारशे माणसांपुढे शाल कुठल्या तोंडाने घ्यायची?

आदल्या दिवशी कामावरून परतताना पिकअपमध्ये दोघेच होते.

"बाळा, माझो हात तुका लागूकच नाय."

"गप रे," बाळा हसला.

"आईशप्पत. वीतभर लांब होतो. माका तेव्हाच म्हायत होता."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

महबूला आल्यावर बाळा उतरला आणि एकटाच पुढे गेला. जयरामला मात्र, सांगायला लाज वाटते, पण हलकं वाटलं. सुटलो एकदाचा, असं वाटलं.

सत्कार झाला. घसा बसलाय म्हणून बाळाने माइक घेतलाच नाही. जयराम शाल घेऊन खाली मान घालून बसला.

पुढच्या शुक्रवारी खोलीत आलोक नावाचा नवा वेल्डर आला होता. त्याच्या कानावर काहीबाही आलं होतं.

"बाळाभाई, वो कबड्डीवाला किस्सा सुनाओ ना."

बाळा शेगडीपाशी पाठमोरा उभा होता. "किस्सा क्या? कुछ नहीं. हम लोग हार गए थे."

जयरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाकडे मिरवायला काय होतं, तर एक हरलेला सामना आणि त्यातला स्वतःचा खरेपणा. सामना आपण तेव्हाच घेतला होता. उरलेला खरेपणाही आता स्वतःचं मन मोकळं करण्यापायी हिरावून घेतला.

बाळाने नेहमीसारखं पहिलं ताट वाढलं, सुरमईची मोठी तुकडी घातली आणि जयरामपुढे ठेवलं.

"जेवा, फोरमन," तो म्हणाला.