कार्बनखालची प्रत

बाजाराच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती आमच्या दारात यायची. पायरी कधी चढली नाही. डोईवरची पाटी न उतरवता खालूनच विचारायची, "पाटील, काय कळलं का?"

"नाही वहिनी, अजून नाही."

"बरं," म्हणायची आणि लोणी गावच्या बाजाराची वाट धरायची. नऊ वर्षांत या बोलण्यात एका शब्दाचा फरक पडला नाही. सुरुवातीला मला तिची कीव यायची, मग राग यायला लागला, आणि शेवटी शेवटी तर बाजाराचा दिवस उजाडला की मी मुद्दाम मळ्यात निघून जायचो. माझ्या हातून काय झालं होतं ते तेव्हा मला माहीत नव्हतं. तरी पाय दारातून निघायचे, हे खरं.

मी गावचा पोलीस पाटील. हे पद म्हणजे धड पोलीस नाही आणि धड पाटीलही नाही. गावात काही घडलं की ठाण्यात वर्दी द्यायची, पंचनाम्याला पंच गोळा करायचे, समन्स घेऊन आलेल्या शिपायाला घर दाखवायचं. आणि जी भांडणं ठाण्यापर्यंत जाऊ नयेत असं गावाला वाटतं, ती देवळात बसून मिटवायची आणि कागद लिहायचा. माझं अक्षर चांगलं, म्हणून आजूबाजूच्या वाड्यांचेही कागद मीच लिहायचो. बांधाचं भांडण असो, पाण्याच्या पाळीचं असो, शेवटची ओळ ठरलेली: "आता आमची एकमेकांविरुद्ध काही तक्रार राहिली नाही." ही ओळ मी इतक्या वेळा लिहिली होती की ती लिहिताना मनात दुसरं काहीही चाललेलं असायचं.

तिचा नवरा मेंढपाळ होता, आमच्याच गावचा. आमच्याकडे सुगीनंतर रानात मेंढ्या बसवतात. शेतकरी आमंत्रण देतो, कळप चार दिवस वावरात बसतो, लेंड्यांचं खत होतं आणि मेंढपाळाला धान्य मिळतं. त्या वर्षी, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, माझ्या मामेभावाने त्याला बोलावलं होतं. मामाचं घर शेजारच्याच वाडीत. मामेभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मामाचा एकुलता एक, आणि निम्मा आमच्याच घरी वाढलेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मेंढ्या त्याच्या हरभऱ्यात शिरल्या. बोलाचाली झाली. मामेभावाने फावड्याचा दांडा उचलला आणि त्या माणसाच्या डोक्यात घातला, एकदा नव्हे, तीनदा. बायको बांधावर उभी होती, तिने पाहिलं. माणूस पुण्याच्या दवाखान्यात दोन दिवसांनी गेला.

वर्दी मीच दिली. सख्ख्या मामाच्या पोराविरुद्ध होती, पण दिली. पंचनाम्याला मीच उभा राहिलो. त्या वेळी गावात माझं नाव झालं, हेही सांगून टाकतो. मला ते आवडलं होतं.

काही महिन्यांनी तो जामिनावर सुटून आला, तेव्हा प्रश्न उभा राहिला. तिची मेंढरं पाण्याला न्यायची वाट त्याच्याच रानावरून. तिच्या दिरांनी दांडकी घेतली होती, याच्या भावकीनेही. आणखी एक मुडदा पडेल अशी लक्षणं दिसत होती. तेव्हा जुन्या माणसांनी ठरवलं, खंडोबाच्या देवळात बसायचं आणि बेलभंडारा उचलायचा. आमच्याकडे कोर्टात खोटं बोलणारा माणूसही भंडारा हातात घेऊन खोटं बोलत नाही. बोलत नाही, असं आम्ही समजत होतो.

त्याने ओल्या अंगाने बेल आणि भंडारा उचलला. म्हणाला, "माझ्या हातनं पाप झालंय. कोर्टाची एक बी तारीख चुकवणार न्हाई. जी शिक्षा व्हईल ती भोगीन. देवा, खोटं बोललो तर माझा निर्वंश व्हवो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चुकला, पण आपलंच रक्त, अस्सल निघालं.

मग मी कागद लिहिला. वाटेने जाऊ-येऊ द्यायचं, कुणी कुणाच्या अंगावर जायचं नाही, तो तारखांना हजर राहील, असं सगळं. शेवटी हात आपोआप नेहमीच्या ओळीवर गेला. खुनाचा खटला सरकारचा असतो, घरच्यांनी माफ केलं म्हणून तो मिटत नाही, हे मला माहीत होतं. पुण्याच्या कोर्टात या ओळीला कुणी विचारणार नव्हतं. म्हणून लिहायला मला काही वाटलं नाही. तिला वाचून दाखवताना वाटेचं वाचलं, तारखांचं वाचलं, आणि खालच्या ओळीवर आल्यावर म्हणालो, "बाकी नेहमीचंच." तिने अंगठा लावला.

मामेभाऊ आधीच म्हणाला होता, "दादा, मला बी एक प्रत दे. वकिलाला दाखवाया." मी खाली कार्बन घातला होता. त्या प्रतीवरही तिने अंगठा लावला. शाई पुसायला मीच तिला माझ्या वहीचं पान फाडून दिलं.

एक गोष्ट आणखी. त्याच्याकडे पासपोर्ट होता. आखातात वेल्डरच्या कामाला जायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी काढलेला. चौकशीला शिपाई आला तेव्हा माणूस चांगला आहे, असं मीच सांगितलं होतं. हे ठाण्यात कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. देवळातून निघताना मी त्याला विचारलं, "पासपोर्ट जमा करू या का?" तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच ओशाळलो. "भंडारा उचललाय ना दादा, अजून काय पायजे?" मी पुन्हा विषय काढला नाही.

दोन तारखांना तो आला. तिसऱ्या तारखेला आला नाही. चौथ्याला वॉरंट निघालं. मी त्याच्या घरी गेलो तर त्याची बायको चूल फुंकत म्हणाली, "पुण्याला गेल्यात." कधी, कुठे, काहीच नाही. पुढे फरारी जाहीर केल्याची नोटीस आली. ती त्याच्या दारावर मी डकवली, आणि गावासमोर वाचूनही मीच दाखवली. दोन महिन्यांनी बातमी आली की तो आखातात आहे. केसाने गळा कापला, असं नुसतं ऐकलेलं असतं. कापल्यावर कसं वाटतं ते तेव्हा कळलं.

परदेशातून माणूस आणायचा म्हणजे काय, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, पोलीस जीप घेऊन जातील आणि आणतील. ठाण्यातल्या साहेबांनी समजावलं. इथून कागद पुण्याला, पुण्याहून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला, आणि दिल्लीहून तिकडच्या सरकारला. प्रत्येक पान आधी इंग्रजीत, मग त्यांच्या भाषेत. एक सही राहिली की सगळं परत. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्याने काढली त्याने असलं काम पाहिलेलं नसणार; आमचे सहा महिने तीन वर्षं चालले. एकदा फाइल परत आली ती एका प्रश्नासाठी: मयत इसम आरोपीच्या शेतात जनावरं घेऊन का शिरला होता? म्हणजे मेलेलाच घुसखोर ठरला. मेंढ्या बसवणे म्हणजे काय, हे मी दोन पानं भरून लिहून दिलं. ती दोन पानं कुणी वाचली का, देव जाणे.

तिला घेऊन एसटीने मी किती वेळा मंचरच्या ठाण्यात गेलो असेन. दर वेळी नवा साहेब, दर वेळी पहिल्यापासून जबाब. किती दांडे मारले? कुठल्या बाजूला? ती दर वेळी तितकंच सांगायची आणि बाहेर येऊन एसटीच्या थांब्यावर खाली बसायची. एकदा मी म्हणालो, "वहिनी, तो सापडला तरी फाशी होईलच असं नाही." ती म्हणाली, "फाशी मला नगं. त्यानं माझ्यासमोर हुभं राहून सांगावं का मारलं. चार घाटे हरभऱ्याचे खाल्ले म्हणून, का आमी मेंढरामागं हिंडणारी म्हणून. तेवढं सांगितलं की झालं."

आणि त्याचा पत्ता. पत्त्यावाचून फाइल हलेना. "नक्की कुठं आहे ते कळवा," असं वरून येई, आणि मी गावभर विचारत फिरे. कुणाला काही माहीत नव्हतं.

दोन हजार साल उलटल्यावर आमच्या घरी टेलिफोन बसला. एका दुपारी मी जेवायला लवकर आलो आणि घंटी वाजली म्हणून उचलला. पलीकडून आवाज आला, "आत्या, बरी हाईस ना? पाय लई दुखत्यात का अजून?"

मामेभावाचा आवाज. मी म्हणालो, "कुठं आहेस तू?" फोन बंद झाला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून," आई म्हणाली. "आधी वाडीवरल्या दुकानात यायचा फोन. माझ्या भावाचा एकुलता हाय तो. तू पोलीस पाटील हाईस, मी न्हाई."

तिच्या बाजेवर एक जाड, फुलाफुलांचं ब्लँकेट होतं. ओझरला देवदर्शनाला गेली होती तेव्हा घेतलं, असं तिने सांगितलं होतं. मी ते तीन हिवाळे पाहत होतो. त्या वाडीतल्या दुकानदाराला, त्याच्या बायकोला, बहुतेक निम्म्या गावाला माहीत होतं. मी त्यांच्याच दारांत जाऊन पत्ता विचारत होतो आणि ते मला चहा पाजत होते. आपलेच दात, आपलेच ओठ, हे मला मान्य आहे. पण दातांनी ओठाला निदान सांगायला तरी हवं होतं.

ब्लँकेट ज्या खोक्यातून आलं होतं ते आईने माळ्यावर ठेवलं होतं, पापडाला. त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता, इंग्रजीत, कंपनीच्या नावासकट. मी तो उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात दिला. आई त्यानंतर माझ्याशी वर्षभर बोलली नाही. ब्लँकेट मात्र तिने अंगावरून काढलं नाही.

पुढे आणखी दोन-तीन वर्षं गेली, आणि एक दिवस साहेबांचा निरोप आला: तिकडे त्याला धरलंय. मी सायकल काढून तिच्या घरी गेलो. ती मेंढराची लोकर पिंजत होती. ऐकल्यावर हातातलं काम तसंच ठेवून तिने मला पाणी दिलं, मग गुळाचा खडा दिला. "कोर्टात मला बोलू देतील का, पाटील?" म्हणाली. "आन् लुगडं कंचं नेसू?" त्या बाजाराला तिने नवं लुगडं आणलं आणि मला दारातूनच पिशवी उघडून दाखवलं. हिरवं होतं, काठाचं.

दीड महिन्याने साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. सगळ्यात वर परदेशी भाषेतलं पान, त्याखाली इंग्रजी, आणि त्याखाली एक झेरॉक्स. निळसर, पुसट, कार्बनखालची असते तशी.

"हे अक्षर कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

मी ओळखलं. शेवटच्या ओळीखाली तिकडच्या कुणीतरी रेघ मारली होती.

"त्यांच्या कायद्यात मेलेल्याच्या घरच्यांनी माफ केलं की फार फरक पडतो," साहेब म्हणाले. "त्याच्या वकिलाने हा कागद दाखवला. गावच्या पोलीस अधिकाऱ्याने लिहिलेला आणि विधवेने अंगठा लावलेला माफीनामा म्हणून. सोडला त्याला. त्याला आपल्या ताब्यात द्यायची मागणी फेटाळली."

देवळात त्याने प्रत मागितली तेव्हाच त्याच्या मनात हे होतं का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. असावं असंच मला वाटतं. भंडारा त्याच्या मुठीत होता आणि डोळा माझ्या कार्बनवर. आणि मी रडत होतो.

परत येताना मी घरी न जाता सरळ तिच्याकडे गेलो. मूळ कागद माझ्या ट्रंकेत होता, तो सकाळीच बरोबर घेतला होता. का घेतला सांगता येत नाही. मी तिला सगळं सांगितलं. तिने माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. मग म्हणाली, "वाचा."

मी वाचलं. वाटेचं, तारखांचं, आणि या वेळी शेवटची ओळही.

"हे त्या दिवशी वाचलं नव्हतं तुमी."

"नाही."

"मी इचारलं व्हतं, खाली काय हाय. तुमी म्हणाला, नेहमीचंच."

तिने विचारल्याचं माझ्या लक्षात नव्हतं. तिच्या होतं.

"त्यो पळाला," ती म्हणाली. "पळणाराच व्हता त्यो. तुमी तर हितंच व्हता ना, पाटील?"

पुढच्या बाजाराला मी मळ्यात गेलो नाही. सकाळपासून दारात बसून राहिलो. दहा वाजता ती रस्त्यावरून गेली, डोईवर पाटी, अंगावर ते हिरवं लुगडं. आमच्या दाराशी आली तेव्हा मी उठून उभा राहिलो. ती न थांबता पुढे गेली.