सलाईनचं चाक
काल मला स्वतःला ग्लुकोजची सलाईन लागली आणि स्पिरिटच्या वासासरशी हिंगोलीकडच्या गोरेगावचा तो दवाखाना आठवला. मी तिथं नवी नर्स होते. दुपारी पत्रे तापलेले असायचे, बाहेर जीपवाला हिंगोलीची हाळी देत असायचा, आणि जीप चुकू नये म्हणून पेशंटची माणसं माझा डोळा चुकवून नळीवरचं चाक मोकळं सोडायची. ग्लुकोज असं भसाभस गेलं की रक्तातली साखर एकदम चढते, म्हणून मी घड्याळ धरून थेंब लावायचे आणि सारखी फिरून बघायचे. साखरा गावाहून एकटीच आलेल्या एका म्हातारीचे थेंब मात्र दर वेळी मी लावले त्याहून मंद झालेले दिसायचे. नळी तपासली, सुई तपासली, सगळं ठीक होतं. शेवटी दाराआडून पाहिलं, तर तीच चाक आवळत होती. “आजी, काहून आवळून राहिली? अशानं संध्याकाळ होईल.” “होऊ दे की,” ती म्हणाली, “बाटली सरली म्हंजे तू कशाला येतीस पोरी माझ्यापाशी?” मी चाक सारखं केलं आणि बाटली सरेपर्यंत तिच्या खाटेवर बसून राहिले, माझ्याही खोलीवर वाट पाहणारं कुणी नव्हतं. काल माझ्या उशाशी थेंब सांभाळणारं मशीन होतं, नळी अडली तरच बोंबलणारं. थेंब अगदी बराबर पडत होते, त्यामुळं बघायला कुणी फिरकलंच नाही. मग मी हळूच नळी दुमडून धरली आणि मशीन बोंबलायची वाट पाहत पडून राहिले.