मखमलीचं ऊन

माझ्या थोरल्या साडूंइतका काळजी करणारा माणूस साऱ्या संभाजीनगरात सापडणार नाही. पूर्वी ते ढगांची काळजी करत, गॅसच्या नळीची करत, दुसऱ्यांच्या मुलींच्या लग्नांचीही करत. या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांची लेक परदेशी गेली आणि आपलं केस नसलेलं मांजर त्यांच्या ओटीत टाकून गेली. तेव्हापासून ही विखुरलेली काळजी एका जागी गोळा झाली. मांजराचं नाव मखमल. अंग मात्र सोललेल्या शेंगदाण्यासारखं उघडं आणि सुरकुतलेलं. साडूंनी तिला तान्ह्या बाळासारखं तिळाच्या तेलानं चोळलं, ओव्याची धुरी दिली. ती शिंकत कपाटावर जाऊन बसली. जनावरांच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "काका, हिच्या अंगाला आधीच तेल सुटतं! कोमट पाण्यानं आंघोळ घाला, अंगात काहीतरी घाला, सकाळचं कोवळं ऊन द्या." मग शेगडी माळ्यावर गेली, खिडक्यांना जाळ्या लागल्या आणि कुंचीसाठी फलाणीन घ्यायला साडू मलाही शहागंजच्या बाजारात ओढून घेऊन गेले. टॉवेलातलं गाठोडं पाहून दुकानदार कौतुकानं वाकला.

"कितने महिने का है, चाचा?" आणि टॉवेल सरकताच, "या अल्ला! इसके बाल किधर गए?"

साडूंनी शांतपणे स्वतःची टोपी काढली. "हमारे घर में बाल है किसकू?"

मी हसलो. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच. घरी येईपर्यंत त्या हसण्याची मला लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू दारात उभे. स्वेटरच्या गळ्यातून कुंचीतलं तोंड डोकावत होतं. "साडूभाऊ, आमच्याकडं सकाळचं ऊनच येत नाय. तुमच्या गॅलरीत लई झकास येतं. दार उघडा तेवढं."

ते दार मी बायको गेल्यापासून उघडलं नव्हतं. पलीकडे तिची गवती चहाची कुंडी होती.

"राहू द्या ना," मी म्हणालो.

"राहू द्या काय? पोरगी गारठली हितं!"

उघडलं. मग ते रोजचंच झालं. मखमल उन्हात पसरायची, ऊन चढलं की "कातडी भाजंल" म्हणत साडू तिला सावलीत ओढायचे, माझ्याकडून चहा करून घ्यायचे. तांब्यात उरलेलं पाणी मी वाळलेल्या कुंडीत ओतू लागलो.

एकदा साडूंना ताप आला. विचारपूस करायला सकाळीच त्यांच्या घरी गेलो. फाटक उघडलं आणि थबकलो. अंगण, पायऱ्या, ओटा, सगळं उन्हानं भरून वाहत होतं. बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, त्यात गहू निवडत बसली होती आणि शेजारी मखमल तंगड्या पसरून झोपली होती. खिडकीतून साडूंनी मला पाहिलं. त्यांनी घाईघाईनं पडदा ओढून घेतला.

मी मखमलीला मांडीवर घेतलं. "ऊन अगदीच नाही हो तुमच्याकडं. बरं वाटलं की घेऊन या हिला."

"मी तेच म्हणतो ना!" साडू आतून म्हणाले. आवाज जरा ओला होता. ताप असेल.

आता चैत्र आहे. कोवळं ऊन संपलं, साडू संध्याकाळी येतात. त्यांच्या मते सावलीसुद्धा आमच्याकडेच चांगली पडते. मी वाद घालत नाही. आधण ठेवतो आणि तिच्या कुंडीत नव्यानं फुटलेली दोन पाती त्यात टाकतो.