विकायला काढलेली गाडी

माझा गुडघा मोडला तो स्वयंपाकघरात. ओल्या फरशीवर पाय घसरला, हातातली कढई एकीकडे गेली आणि मी दुसरीकडे. ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी बसली, आणि दवाखान्यात बघायला आलेला प्रत्येक माणूस एकच गोष्ट सांगून गेला, आता मोटरसायकल बंद कर. स्वयंपाकघर बंद कर असं एकानंही सांगितलं नाही. पडल्या पडल्या मी यावर भरपूर विचार केला, आणि जितका केला तितकी जास्त चिडले.

मोटरसायकल माझी आहे. माझ्या नावावर आहे आणि माझ्या पगारातून घेतलेली आहे. कळमेश्वरला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी तपासणीचं काम करते. नागपूरहून काटोल रोडनं रोजची ये-जा करायला ती घेतली तेव्हा माझा मुलगा प्राथमिक शाळेत होता. आता तो मला गाडी कशी चालवावी ते शिकवतो. स्कूटर का नाही घेतली, असं लोक तेव्हाही विचारायचे आणि आजही विचारतात. मला मोठी चाकं आवडतात, बाजूनं ट्रक गेला तरी न डगमगणारी. एवढं उत्तर पुरे व्हायला हवं, पण ते बाईनं दिलेलं असलं की कुणाला पुरत नाही.

डॉक्टरांचं म्हणणं मात्र स्वच्छ होतं. गाडी चालवा, किक मारू नका. किक उजव्या पायाची, आणि गुडघाही उजवाच गेलेला. म्हणजे हँडलवरचं सेल्फचं बटण हाच माझा आधार होता. सेल्फ चालला तर मी माझी मी कामावर जाणार. नाहीतर मुलगा सकाळी मला मागे बसवून नेणार, आणि संध्याकाळी घरी कोण आणणार याची रोज फोनाफोनी होणार. मुलगा म्हणाला होता, रोज सकाळी मी किक मारून देईन. आणि रस्त्यात बंद पडली तर?

दवाखान्यातून घरी आले तेव्हा अंगणातली गाडी ओळखू येईना. सगळा सांगाडा काळाकुळकुळीत चमकत होता. नवऱ्यानं रंगवली होती.

"तू येऊन राहिली म्हणून केलं," तो म्हणाला.

आमच्याकडे ऊन तापायला लागलं की कूलर बाहेर निघतो. त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, टाकी घासायची, आणि गंजू नये म्हणून टाकीला आणि स्टँडला रंग मारायचा, हे नागपुरात घरोघरी चालतं. डब्यात रंग थोडा उरतोच. तो वाया घालवायची आमच्या घरी रीत नाही. स्टूल, फाटक, जिन्याचा कठडा, जे समोर येईल त्याला तो लागतो. यंदा गाडीला लागला होता. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस बोलत नाही, पण मनात ठेवतो, असं मला वाटलं.

मग मी बटण दाबलं. टक् असा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्.

ओळखीच्या मेकॅनिकला मुलानं बोलावून आणलं. त्यानं बटण दाबून पाहिलं, मान हलवली. "सेल्फची मोटर गेली भाभी. एवढ्या जुन्या गाडीचा पार्ट आता भेटत नाही." तो गेल्या गेल्या मुलगा म्हणाला, "विकून टाकू वं आई. माझ्या ओळखीचा एक जण घ्यायले तयार हाये. त्याले किकचा काही प्रॉब्लेम नाही. इतवारच्या संध्याकाळी येते तो."

गिऱ्हाईक इतक्या लवकर कुठून आलं, हे मी विचारायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष त्या टक्‌वर होतं. "आधी मले पाहू दे," मी म्हटलं. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. तसं पाहिलेलं मला मुळीच आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकचं स्टूल घेऊन गाडीशेजारी बसले, पाय लांब करून. आधी हेडलाइट लावला आणि बटण दाबलं. बॅटरी मेलेली असती तर दिवा लगेच मंदावला असता. तो जरासुद्धा हलला नाही. म्हणजे बॅटरीत दम होता, पण मोटर तो घेतच नव्हती. टक् आवाज रिलेचा होता. बटण दाबलं की जाड वायरीतून मोटरकडे करंट सोडते ती ही डबी. तिच्या दोन जाड बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवला, म्हणजे डबीला वगळून करंट सरळ मोटरला मिळावा. तरी मोटर गप्पच. डबीचा दोष नव्हता. आता उरली मोटर.

ती काढायला घाम निघाला. वाकता येत नव्हतं, पाना हातातून निसटत होता, आणि शेजारची बाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "बाई, आराम कर ना वं." मी म्हटलं, आरामच करून राहिली. मोटर हातात आल्यावर आधी नाकाशी धरली. जळलेल्या कॉइलचा वास मी कंपनीत इतका घेतलाय की तो मला झोपेतही ओळखू येईल. इथे तो नव्हता. उघडून पाहिली, आतले कार्बन ब्रश चांगले होते. मग ती अंगणात फरशीवर ठेवली, बॅटरी शेजारी आणली, एक वायर मोटरच्या टोकाला लावली आणि दुसरी तिच्या अंगाला. मोटर गर्रकन फिरून फरशीवरून घसरत गेली.

मी नवऱ्याला हाक मारली, पुन्हा फिरवून दाखवली. त्यानं पाहिलं, "हो," म्हणाला आणि आत गेला. मला वाटलं होतं त्याला आनंद होईल.

मोटर परत बसवली. सगळे बोल्ट कसले. बटण दाबलं. टक्.

त्या वेळी मी पाना भिंतीवर फेकला. फरशीवर फिरते आणि गाडीत फिरत नाही, ही मोटर माझी चेष्टा करत होती की काय. रागानं रडायला येत होतं. मुलगा दारात येऊन उभा राहिला. "पाहिलं ना आई. काहून एवढी जिद्द करून राहिली?"

"गाडी माझी हाये म्हणून," मी म्हटलं.

रविवार उजाडला. दुपारी ऊन असं होतं की अंगणात पाऊल ठेववत नव्हतं, आणि नवऱ्यानं या मोसमात पहिल्यांदा कूलर लावला. पंखा फिरला, पाणी चढलं, आणि झडप नीट करायला त्यानं पत्र्याला हात लावला तसा तो झटक्यानं मागे घेतला. "शॉक मारून राहिला," तो म्हणाला. कूलरचा शॉक आम्हाला नवा नाही. लगेच प्लग काढून तो मागच्या बाजूला गेला. "अर्थिंग सुटली असन." पण हिरवी वायर सुटलेली नव्हती. स्क्रूखाली घट्ट बसलेली होती. त्यानं स्क्रू काढला आणि भाजीची सुरी घेऊन खालचा पत्रा खरवडायला लागला. "रंग लागला हाये इथं. मीच मारला. रंगावर वायर कसली, मंग अर्थिंग कशी भेटन?"

मी त्या सुरीकडे बघत बसले. काळ्या रंगाची सालपटं पडत होती आणि खालून पांढरा पत्रा निघत होता. याच डब्यातला रंग गाडीला लागला होता. फरशीवर मोटर फिरली, कारण दुसरी वायर मी थेट तिच्या अंगाला लावली होती. गाडीत तसं नसतं. दिव्याला आणि रिलेला बॅटरीकडे परत जाणारी वेगळी वायर असते, पण मोटरच्या करंटला परत यायचं तर गाडीच्या लोखंडातूनच यावं लागतं. आणि लोखंडावर रंग होता.

तशीच उन्हात गेले. बॅटरीची एक वायर सांगाड्यावरच्या बोल्टला येते, तो बोल्ट काढला. खाली चमकणारा काळा रंग, अगदी सफाईनं मारलेला. इंजिन सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या बोल्टांखालीही तसाच. माझा नवरा हातचं राखून काम करत नाही. नट-बोल्ट काढून, आत रंग मारून, वाळवून त्यानं सगळं परत कसलं होतं.

नुसती बायको घरी येणार म्हणून एवढं कोण करतं, असा प्रश्न मला तेव्हा पडला. बापलेक दोघंही मागोमाग बाहेर आले होते. "एवढं आतून काहून रंगवलं?" मी विचारलं. नवरा हातातली सुरी पुसायला लागला. मुलगाच म्हणाला, "बाबांनी नव्यासारखी केली म्हणून तर तो घ्यायले तयार झाला ना. तू दवाखान्यात होती तेव्हाच त्याले फोटो पाठवले होते."

तर असं होतं. गाडी बिघडली म्हणून विकायला काढली नव्हती. विकायला काढली म्हणून ती बिघडली होती. आणि मी त्या रंगाकडे बघून डोळे पुसले होते.

भांडले नाही. भांडण्यात वेळ गेला असता. मुलाच्या हातात पॉलिश पेपर दिला आणि म्हटलं, घास. त्यानं घासलं, लोखंड पांढरं दिसेपर्यंत. बोल्ट मी कसले. बटण दाबलं. मोटरनं गरकन इंजिन उचललं आणि गाडी सुरू झाली. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

"पण तो येऊन राहिला ना संध्याकाळी," मुलगा म्हणाला.

"त्याले चहा पाज."

मी हेल्मेट घातलं, गाडीवर बसले. फाटकात नवरा उभा होता, दोन्ही हात फाटकावर. त्याचा चेहरा उतरला होता. "मले भेव वाटते वं," तो म्हणाला. "तुले स्ट्रेचरवर नेलं तेव्हापासून वाटते." हे त्यानं आधी कधीच सांगितलं नव्हतं. दवाखान्यात तो रात्रंदिवस बाकड्यावर बसून होता, हेही मला माहीत होतं.

"मलेही वाटते," मी म्हटलं. "पण तुमच्या भेवासाठी माह्यी गाडी नाही विकायची. बाजूले व्हा."

त्यानं फाटक उघडलं. मग बाजूला झाला.

"चालली कुठं?"

"कळमेश्वरले."

"आज इतवार हाये. कंपनी बंद हाये."

"मले माहीत हाये," मी म्हटलं आणि गाडी रस्त्यावर काढली.