भरल्या केळीतलं वायफाय

असोद्याच्या भाईदास आबांची लेक दिपमाला दुकानांत, दवाखान्यांत वायफाय बसवून देते. बोलते कमी, मोजते जास्त. चौकटीच्या वहीत जागेचा नकाशा काढायचा, पावलापावलाने फिरायचं आणि कुठे किती सिग्नल येतो ते पेन्सिलीने मांडायचं, ही तिची पद्धत. आठ वर्षं जळगावात दुसऱ्याच्या हाताखाली काढल्यावर फैजपूरच्या पितांबर नानांचं केळीचं कोल्ड स्टोरेज हे तिचं स्वतःचं पहिलं मोठं काम. ते हातचं गेलं तर पुन्हा नोकरी धरावी लागणार होती.

तिथे प्रत्येक खोक्यावरचा कोड स्कॅनरने वाचला की तो लगेच ऑफिसात पोहोचायला हवा होता. नाना म्हणजे आयुष्यभर विहिरीवर मोटारी बसवलेला माणूस. त्यांनी आधीच ठरवलेलं.

"पोरी, चिल्लर माल नको. जास्त एचपीचं एकच लाव, मधोमध."

"नाना, ॲक्सेस पॉइंट आहे तो, सिग्नल पसरवणारा. मोटार नाही."

"दिसतं तर जेवायच्या ताटासारखं!"

हॉल रिकामा होता. दिपमालाने उसना आणलेला मोठा ॲक्सेस पॉइंट मधोमध टांगून मोजलं, तर सिग्नल चारही कोपऱ्यांत चांगला. नाना खुशीत हसले. तीही म्हणून गेली, "बरोबर आहे तुमचं."

संध्याकाळी जेवताना आबांनी विचारलं, "माल भरल्यावर पाह्यलं का?"

"मालाने काय होतं, आबा? पुठ्ठ्याची खोकी ती."

"पुठ्ठ्यात काय हाये? केयी. अन् केयीत? सारं पानीच. जलम गेला माझा तिले पानी पाजता पाजता."

दिपमालाचा घास हातातच राहिला. पाणी वायफायचा सिग्नल गिळतं, हे ती कामाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती. केळीच्या घरात वाढून नेमकी केळीच हिशेबात धरायची विसरली.

चार दिवसांनी माल भरला, तशी ती पुन्हा गेली. तोच ॲक्सेस पॉइंट, तीच जागा. खोक्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या. थप्प्यांमधल्या शेवटच्या गल्लीत सिग्नल नावालाही नव्हता.

"नाना, त्या दिवशी माझं चुकलं. एकाने भागणार नाही."

"तेव्हा बरोबर, आज चूक? नाशिकचे वायफायवाले तर एकातच करून देतो म्हणतात."

दिपमालाने स्कॅनर नानांच्या हातात दिला. "शेवटच्या गल्लीत जाऊन एक खोकं वाचून दाखवा."

नाना गेले. स्कॅनर टुक् वाजला, पण ऑफिसात काही आलं नाही. दोनदा झालं, तीनदा झालं.

"याहून मोठं आणलं तर?" नाना आतूनच ओरडले.

"त्याचा आवाज वाढेल, स्कॅनरचा नाही. त्याचं उत्तर परत यायला नको का?" मग ती म्हणाली, "नाना, मोटार कितीही मोठी घेतली, तरी ठिबकची नळी ओळीओळीला टाकावीच लागते ना?"

नाना थप्प्यांमधून बाहेर आले. स्कॅनर तिच्या हातात ठेवत म्हणाले, "गल्ल्या किती?"

"पाच."

"मग पाच लाव. लहान चालतील. आणि त्या नाशिकवाल्यांनी तर हॉल पाहिलासुद्धा नाही अजून."

दिपमालाने वहीचं नवं पान उघडलं. नकाशा काढण्याआधी वर लिहिलं: हॉल भरलेला. तेव्हापासून तिच्या प्रत्येक नकाशावर पहिली ओळ तीच असते, भरलेला की रिकामा.