मेणावरचं कुंकू

जर्मनीला लेकीकडं जायचं ठरलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "बाबा, व्हर्च्युअल कार्ड घ्या. फोनमध्येच राहतं, हरवायची भानगड नाही." मला पटलं. पण आमच्या देवणीच्या घरात माझ्या पटण्याला कोण विचारतंय! बायको म्हणाली, "हातात येत न्हाई ते कार्ड कसलं? उद्या म्हणाल, न दिसणारी भाकर खा." शेवटी तिच्या खात्यावर दोन्ही घेतली. एक माझ्या फोनमध्ये, दुसरं प्लास्टिकचं, तिच्या बटव्यात.

खात्यात तिनं गाईंच्या दुधावर साठवलेले पैसे होते, आणि त्यांचं काय करायचं हे नातू झाला त्याच दिवशी ठरलं होतं. पाळणा माहेरचाच असतो. तिकडं पाळणा टांगणार कुठं, म्हणून बाबागाडी. ती जावयाच्या पैशानं आली तर लोकांना तोंड कसं दाखवायचं, हा तिचा घोर. मी वरवर हसायचो, पण मलाही आतून तसंच वाटत होतं.

जर्मनीत पोचल्यावर लेक-जावयाबरोबर दुकानात गेलो. लाल गाडी पसंत पडली. बायकोनं ऐटीत कार्ड पुढं केलं. मशीननं ते घेतलं नाही. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. मी कार्ड हातात घेऊन पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. सोनेरी चिपवर कुंकू! निघताना नव्या वस्तूची पूजा केलेली, आणि प्रवासात पुसू नये म्हणून आधी मेण लावून त्यावर कुंकू.

"अगं, कार्ड हाय का सवाष्णीचं कपाळ?" मी भर दुकानात ओरडलो.

"मग नवी वस्तू तशीच वापरायची व्हय?" म्हणत ती पदरानं घासू लागली. मेण ते, चिपवर आणखीच पसरलं. तेवढ्यात जावईबापूंनी हळूच पाकीट काढलं. माणूस भला, पण त्या घडीला मला त्यांचा रागच आला. बायकोचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

मार्ग लेकीनं काढला. फोनमधलं कार्ड मशीनमध्ये घालता येत नसलं, तरी ऑनलाइन चालतं. त्याच दुकानाच्या वेबसाइटवर मागवायची आणि इथूनच उचलायची. मी फोनमधल्या कार्डाचा नंबर भरला. ओटीपी आला बायकोच्या फोनवर. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बँकेनं बजावलं होतं. हिनं चष्मा चढवून एकेक आकडा मंगलाष्टकाच्या सुरात वाचला. दुकानात मराठी कुणाला येत नव्हतं म्हणून बरं. गाडी आमची झाली.

घरी आल्यावर तिनं गाडीच्या दांड्याला हळदीकुंकू लावलं, नातवाला आत निजवलं आणि कुंकवाचं बोट तसंच धरून माझ्याकडं वळली.

"ते तुमचं न दिसणारं कार्ड कुठंय? त्याला कुठं लावू?"

मी घाईघाईनं फोन खिशात कोंबला. ती खळखळून हसली आणि बोट माझ्याच कपाळाला टेकवलं.

"घ्या," म्हणाली, "पाळणा माहेरचाच आला."