एका कानाचं कुत्रं

नानांच्या शोकसभेत मी कुत्र्याची गोष्ट सांगितली. ती गोष्ट खोटी आहे. नानांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्या समोरच सतरंजीवर बसलेल्या असताना सांगितली, आणि चांगली रंगवून सांगितली. लोक हसले. अशा प्रसंगी वातावरण हलकं केलंस, म्हणून दोघांनी माझा हातही दाबला. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि आत निघून गेल्या. ती गोष्ट काय होती आणि खरं काय घडलं, हे आता एकदा लिहून टाकतो. नाहीतर पुढच्या वेळी मी त्या कुत्र्याला पिल्लंसुद्धा जोडीन, माझा काही भरवसा नाही.

नाना गेल्याचं मला कळलं तेही माझ्याच पद्धतीनं. रविवारी पहाटे पाचला त्यांच्या नंबरवरून फोन आला. तो दर रविवारीच यायचा. नाना पलीकडून एवढंच विचारायचे, "उठना का?" आणि मी अंथरुणातूनच सांगायचो की हो, बूट घालतोय. त्या दिवशी मी फोन कापला. परत आला, परत कापला. तिसऱ्यांदा तो उशीखाली सारून दिला. मग बायकोच्या मोबाइलवर योगेशचा फोन आला. योगेश आमच्यातला सगळ्यात जोरकस गडी, शाळेत व्यायामशिक्षक. म्हणाला, "अरे, फोन का कापतोस? अक्का लावतायत तुला. शेवटी त्यांचा शेजारी येऊन मला उठवून गेला. नाना गेले." अंगणात चाकात हवा भरता भरता नाना पायरीवर टेकले होते, ते टेकलेच... पंप तसाच चाकाला लावलेला. अक्कांना त्या मोबाइलमधला एकच नंबर लावता येत होता, सगळ्यात वरचा. तो माझा होता.

नाना मूळचे धुळ्याकडचे. वीज खात्यात लाइनमन म्हणून नोकरी झाली आणि जळगावला, पिंप्राळ्यात घर झालं. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या बाजारातून एक रेसची सायकल आणली आणि सकाळी एकटेच पाळधीपर्यंत जाऊन येऊ लागले. त्यांना आधी योगेश मिळाला, मग असोद्याचा केळीवाला दिनू मिळाला. मी मिळालो तो डॉक्टरांमुळे. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर स्टुलावर बसून लोकांना लांबचं नीट दिसावं म्हणून काचा बसवून देतो, आणि साखर वाढत चालली आहे हे माझं मलाच दिसलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले चाला. मला चालायची लाज वाटायची, म्हणून सायकल घेतली.

मी भित्रा माणूस आहे. हे नम्रपणा म्हणून सांगत नाही, याला साक्षीदार आहेत. हायवेवर मागून ट्रक आला की तो आधी वाऱ्यानं आपल्याला कडेला ढकलतो आणि आपण सावरतोय तोवर स्वतःकडे ओढतो. पहिल्या दिवशी असा एक केळीचा ट्रक गेला आणि मी सायकल सरळ काटेरी झुडपात घातली. नानांनी माझ्या हातातले काटे काढले आणि पुढच्या रविवारी पाचला फोन केला.

चौघांनी एकत्र सायकल चालवायची तर एक साधी गोष्ट पाळावी लागते. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो आणि बाकीचे त्याच्या आडोशानं चालतात. पुढचा दमला की बाजूला होऊन शेवटी येतो, दुसरा पुढं होतो. पण आडोसा हवा असेल तर पुढच्याच्या मागच्या चाकापासून आपलं पुढचं चाक वीतभर अंतरावर ठेवावं लागतं. वीतभर. आणि ताशी पस्तीसचा वेग. मला ते जमेना. मी दोन हात अंतर सोडायचो, मग सगळा वारा मलाच लागायचा आणि एरंडोलच्या अलीकडेच माझी जीभ बाहेर यायची. नानांनी त्यावर तोड काढली. लाइनमन लोक खांबावर काम चाललंय हे कळावं म्हणून लाल कापड बांधतात, त्यातली एक पट्टी त्यांनी आपल्या सीटखाली बांधली. म्हणाले, "चाककडे देखू नको. ह्या चिंधीकडे देख. ती फडफडताना ऐकू आली म्हणजे तू बरोबर जागी शे." मी चिंधीकडे बघायला लागलो. कान लावून तिची फडफड ऐकायला लागलो. आणि खरंच, भीती गेली नाही पण ती त्या चिंधीएवढी झाली. पुढं मला वळणापलीकडून आवाज ऐकूनच नाना कुठं आहेत ते कळायचं. दुसरा नियम त्यांनी एकदाच सांगितला. "ब्रेक मारायचा नही. मारनाच पडना तं आधी बोंबल."

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत धुळ्याच्या एका सायकल मंडळानं हौशी लोकांसाठी सांघिक शर्यत ठेवली. चौघांनी एकत्र सुटायचं, लळिंगचा घाट चढून पलीकडं जायचं, वळसा मारून तोच घाट उतरून परत यायचं. रेषेवर तिसरा माणूस पोचेल ती संघाची वेळ. म्हणजे चौथा रस्त्यात गळाला तरी चालतो. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना भजी खाऊ घातली. गळण्याचं काम माझ्याइतकं चांगलं कुणाला जमलं असतं? पण नानांनी शर्यतीच्या आदल्या रविवारी पाळधीच्या चहाच्या टपरीवर डाव सांगितला तो निराळाच होता. चढावर सगळा वारा ते स्वतः घेणार, अंगातलं सगळं तिथंच संपवणार आणि मग गळणार. म्हातारा माणूस परतीच्या सपाटीवर तसाही उपयोगाचा नाही, म्हणाले. पुढं योगेश आणि दिनू आळीपाळीनं ओढतील. आणि तिसरा... तिसरा मी.

"नाना, म्हणजे वेळ माझ्या चाकावर?"

"मग काय तुन्हा दुकानवर धरू?"

दिनू चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "गेला आपला नंबर." मी रात्रभर झोपलो नाही. पुढचे सात दिवस गिऱ्हाइकांना उलटे नंबर वाचायला लावत होतो.

शर्यतीच्या दिवशी घाट चढेपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणं झालं. नाना पुढं होते आणि आम्ही तिघं त्यांच्या पाठीमागं मान खाली घालून. चढावर चिंधी फडफडत नाही, नुसती लोंबते. तिच्यावरून घाम टपकत होता. माथ्यावर ते बाजूला झाले, आम्हाला पुढं जाऊ दिलं आणि माझ्या मागं येऊन लागले. "मन्हं काम व्हयनं," एवढंच म्हणाले. वळसा घेऊन आम्ही परत घाटमाथ्यावर आलो तरी ते मागंच. खरं तर त्यांनी गळायला हवं होतं. पण घाटाच्या पायथ्यापर्यंत येतो म्हणाले, मागून येणाऱ्या गाड्या सांगायला. योगेशला त्याची गरज नव्हती, दिनूला नव्हती. ते माझ्यासाठी येत होते.

उतारावर वेग इतका वाढला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रस्ता बंद केलेला नव्हता, फक्त डावी कड आमच्यासाठी राखलेली. मागून नाना ओरडले, "ट्रक!" त्याच क्षणी भोंगा वाजला, अगदी मानेवर वाजल्यासारखा. मी दोन्ही ब्रेक दाबले. ओरडलो नाही.

वीतभर मागं नाना होते. माझ्या मागच्या चाकाला कुणीतरी हलकेच ढोसल्यासारखं झालं. मग पत्र्याचा डबा फरशीवरून ओढत नेल्यासारखा आवाज, आणि "आई गं" एवढे दोन शब्द. मी ते ऐकलं. इथं स्पष्ट लिहितो, कारण पुढं दोन वर्षं मी सांगत आलो की वाऱ्यामुळं काही ऐकू आलं नाही. मी ऐकलं आणि मागं वळून पाहिलं नाही. ट्रक मला ओलांडून पुढं गेला, तेव्हा मी त्याच्या मागच्या चाकांकडं पाहिलं. काय दिसेल या भीतीनं पाहिलं ते लिहवत नाही. चाकं कोरडी होती. तरीही मी थांबलो नाही. नाना गळणार असं ठरलंच होतं, हा डावच आहे, असं स्वतःला सांगत मी पाय मारत राहिलो. आयुष्यात इतक्या जोरात मी कधी सायकल चालवलेली नाही. लोक म्हणतात भीतीनं पाय गळतात. माझे पाय पळत होते, गळायचं ते दुसरंच काहीतरी गळालं होतं.

आमचा दुसरा नंबर आला. योगेशनं मला उचलून घेतलं. "अन्या, तू माणूस आहेस का इंजिन!" मी हसत होतो आणि रस्त्याकडं बघत होतो. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. प्रत्येक गाडीचा आवाज आला की माझ्या तोंडचं पाणी पळायचं. शेवटी मंडळाच्या एका माणसाच्या मोटरसायकलवर मागं बसून नाना आले. डावा हात गमछ्यानं गळ्यात बांधलेला, गालाला मुरूम चिकटलेला. सगळे धावले. मी सगळ्यात मागं. कुणी काही विचारायच्या आत, माझ्याकडं बघत, नाना म्हणाले, "कुत्रं आडवं उनं." आणि लगेच योगेशला विचारलं, "वेळ काय लागनी?"

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. परतताना मी गाडीत त्यांच्या शेजारी बसलो. पारोळा गेल्यावर धीर करून म्हटलं, "नाना, ते घाटात..." त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "झोपू दे भो." त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही. दुसऱ्या नंबराची मिळालेली ढाल माझ्या दुकानात ठेवायची असं त्यांनीच ठरवलं, वेळ माझ्या चाकावरची म्हणून. ती मी चष्म्यांच्या कपाटावर ठेवली, आणि रोज तिच्याकडं पाठ करून बसायला लागलो.

आता माझ्यासारखा माणूस गप्प बसला असता तर निभलं असतं. पण लोक ढालीबद्दल विचारायचे, आणि मला गोष्टी सांगायची खोड. आधी ते नुसतं कुत्रं होतं. मग ते काळं झालं. मग त्याचा एक कान फाटला, नंतर तो कान मुळापासूनच गेला. पुढं पुढं ते नानांकडं बघून गुरगुरायलाही लागलं. प्रत्येक वेळी सांगताना मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून नानांकडं बघायचो. ते शेंगा सोलत असायचे. गोष्ट संपली की दर वेळी एकच विचारायचे, "कान डावा व्हता का उजवा?" लोक हसायचे. माझ्या पाठीतून घाम निथळायचा.

त्यांच्या माघारी पहिल्या रविवारी आम्ही तिघं एरंडोलपर्यंत गेलो. परत फिरायच्या जागी नाना थांबून, पाय टेकून विचारायचे, "बठ्ठा उनात का?" सगळे आले का, हे तिन्ही माणसं डोळ्यांसमोर असली तरी विचारायचे. त्या दिवशी आम्ही तिथं थांबलो, पाय टेकले आणि उभेच राहिलो. दिनूनं बाटली काढली, परत ठेवली. येताना मला कळलं की मी सगळ्यात मागं आहे. म्हणजे मागून येणाऱ्या गाड्या सांगायच्या त्या मीच. पाळधीच्या अलीकडं ट्रक आला आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला तो इतका मोठा की पुढं योगेश दचकून हलला. "नीट सांग ना," तो म्हणाला, "मारतोस का?" तो सहज बोलला. मी दिवसभर जेवलो नाही.

शोकसभेनंतर आठव्या दिवशी अक्कांचा फोन आला, त्याच नंबरवरून. या वेळी पहिल्या रिंगला उचलला. "ये," म्हणाल्या, "त्यांच्या सायकलीतली हवा गेली." बाहेरच्या खोलीत दोन खुंट्यांवर सायकल टांगलेली होती. मी ती खाली घेतली. चिंधी सीटखाली होती तशीच, तिचा लाल रंग विटून विटकरी झालेला. अक्का खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून. पंखा चालू होता आणि चिंधीचं टोक जरा जरा हलत होतं, अगदी बारीक आवाज करत. मी पुढच्या चाकात हवा भरली. मागचं चाक घेतलं, आणि पंपाचा दांडा हातात असतानाच कुणीतरी मागून ढकलल्यासारखं बोलून गेलो.

"अक्का, घाटात कुत्रं नव्हतं. मी घाबरून ब्रेक मारला. ओरडलो नाही. नाना माझ्यामुळं पडले." इथंच थांबायला हवं होतं. पण त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि मी खरंच फार घाबरट माणूस आहे. "पण ते पडल्याचं मला ऐकू आलं नाही हो... ऐकू आलं असतं तर थांबलो नसतो का?"

अक्कांनी हात लांब करून चिंधी सरळ केली.

"ते कुत्रं तूच व्हता, हाई त्यासनी माले त्याच दिवशी सांगेल शे," त्या म्हणाल्या. "पण भाऊ, तुले तं दोन्ही कान शेतस."